दाखवणारा आणि बघणारा : जत्रेतल्या पेटीपासून व्हीआर हेडसेटपर्यंत

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



बाहेरच्या फलकावर 'मनःशांतीसाठी व्हीआर हेडसेट' असं वाचून काही जण यंत्र डोळ्यांवर लावून बघायला मिळेल म्हणून आत आले असतील. त्यांची थोडी निराशा होणार. मी इतिहासाचा माणूस आहे. माझ्याकडे यंत्र नाही आणि विकायचंही काही नाही. मला त्या यंत्राचे आजे-पणजे सांगायचे आहेत.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधायचा एक खोका. आत दोन भिंगं, भिंगांच्या मागे पडदा आणि मान कुठे वळते ते ओळखणारी यंत्रणा. तुम्ही डावीकडे बघितलं की चित्रही डावीकडचं दिसतं, वर बघितलं की आभाळ दिसतं. बाहेरची खोली पूर्ण नाहीशी होते. यालाच व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात, मराठीत 'आभासी वास्तव' हा शब्द रुळतो आहे. सुरुवातीला हे खेळासाठी आलं. आता ते ताण उतरवण्यासाठी विकलं जातं. दहा मिनिटं लावा, समोर समुद्रकिनारा, नाहीतर झाडी, कानात लाटांचा आवाज, आणि कोणीतरी हळू आवाजात सांगतं, श्वास घ्या, श्वास सोडा.

आता हा विषय वसईत कशाला, असं कोणी विचारेल. मी म्हणतो, इथेच हवा. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी गेली. तेव्हा ती दिवसातून एकदा जायची आणि एकदा यायची. आज विरार लोकलमध्ये बोरिवलीचा माणूस चढला तर काय होतं ते मी इथे सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत आपल्या महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या वर होती, आणि त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते तुम्ही रोज बघता. पहाटे पाचची गाडी पकडणारा माणूस रात्री दहाला घरी येतो. त्याला कोणी म्हणालं, दहा मिनिटं हे डोळ्यांवर लाव, बरं वाटेल, तर तो ऐकेलच. म्हणून हे नीट तपासायला हवं.

इतिहासकाराला पहिला प्रश्न पडतो तो असा : माणसाचे डोळे पेटीत घालून त्याला दुसरं जग दाखवण्याचा उद्योग नवा आहे का? मुळीच नाही. आणि दुसरा प्रश्न, माझ्या मते जास्त महत्त्वाचा : तेव्हा त्या पेटीशेजारी कोण उभं असायचं?

जत्रेतली पेटी आठवा. इथल्या ज्येष्ठांनी पाहिलेली असणार. एक माणूस डोक्यावर पेटी आणि खांद्यावर तिवई घेऊन यायचा. पेटीला समोर चार-पाच गोल भोकं, त्यांत भिंगं. पोरं ओळीनं वाकून डोळा लावायची, आणि कडेचा उजेड येऊ नये म्हणून दोन्ही हात कानशिलाशी धरायची. म्हणजे बघा, हेडसेटची रबरी कड जे काम करते ते तेव्हा पोरांचे तळहात करत होते! आत चित्रांचं लांब भेंडोळं, एका दांड्यावरून सुटत दुसऱ्यावर गुंडाळलं जाणारं. ताजमहाल, कुतुबमिनार, राणीची मिरवणूक, नट-नट्या. लोक त्याला बायस्कोप म्हणत. पण पेटी मुकी होती. बोलायचा तो पेटीवाला. घुंगरू वाजवत, चालीवर, चित्र कोणतं ते सांगत, मधेच एखाद्या पोराची टिंगल करत. भेंडोळं संपलं की तोच पाठीवर थाप मारायचा : चल, दुसऱ्याला बघू दे.

कोकणात याच्याही मागे जाता येतं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजातले चित्रकथी. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची हातानं रंगवलेली चित्रं. एका कथेच्या चित्रांच्या जुडग्याला ते 'पोथी' म्हणतात. एकेक चित्र समोर धरायचं आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं कथा गायची. २०२१ मध्ये तिथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांना ही कला असते हे प्रथम कळलं. चित्रकथी चित्र नुसतं दाखवत नाही. प्रसंग दुःखाचा असेल तर तो चित्र जास्त वेळ धरून ठेवतो, ऐकणाऱ्यांचे चेहरे बघतो, मग पुढचं उचलतो. ऐकणाऱ्याच्या मनाचा अंदाज घेत जाणं, हे त्याच्या हातात असतं.

आता समुद्रापलीकडे जाऊ, कारण हेडसेटचा खरा पूर्वज तिकडचा आहे. १८३८ मध्ये लंडनला चार्ल्स व्हीटस्टन या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की आपल्या दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रं दिसतात आणि मेंदू त्यातून एकच खोली असलेलं दृश्य तयार करतो. त्यासाठी त्यानं केलेलं यंत्र म्हणजे स्टिरिओस्कोप. त्यात आरसे होते. डेव्हिड ब्रूस्टरनं १८४९ मध्ये भिंगं लावून ते सुटसुटीत केलं, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते मांडलं गेलं, आणि मग घराघरांत गेलं. आजच्या हेडसेटच्या आत हेच तत्त्व आहे : दोन डोळे, दोन चित्रं. पावणेदोनशे वर्षांत ते बदललेलं नाही.

या स्टिरिओस्कोपवाल्यांनी हिंदुस्थानही विकला. जेम्स रिकाल्टन नावाचा अमेरिकन छायाचित्रकार इथे फिरला, आणि अंडरवुड अँड अंडरवुड या कंपनीनं १९०७ मध्ये त्याचं हिंदुस्थानच्या स्टिरिओस्कोप सफरीचं पुस्तक काढलं. शंभर जोडचित्रं, बरोबर नकाशा आणि जाडजूड पुस्तक. पुस्तकात रिकाल्टन तुम्हाला सांगतो : आता आपण अमुक जागी उभे आहोत, उजव्या हाताला हे दिसतं, लांब ते दिसतं. खुर्चीत बसून प्रवास! कंपनीचा दावाच असा होता की घर न सोडता तुम्ही तिथे जाऊन आल्यासारखं होईल. पण त्यांनाही चित्रं नुसती पाठवून चालली नाहीत. पेटीवाला त्यांनी पुस्तकात छापून पाठवला.

आणि आता आपल्या अगदी जवळची गोष्ट, ज्यासाठी मी खरं तर हा विषय घेतला. आपल्या खाडीत जे पाणी येतं ते उल्हास नदीचं, आणि त्या नदीवर वर गेलात की कल्याण लागतं. त्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये, म्हणजे मुंबईत ल्युमिए बंधूंचं चलचित्र येण्याच्या चार वर्षं आधी, मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. नाव ठेवलं 'शांबरिक खरोलिका'. नाव ऐकून हसू नका. शंबरासुर हा पुराणातला मायावी राक्षस, त्याची ती शांबरी माया, आणि खरोलिका म्हणजे कंदील. मॅजिक लँटर्न या दोन शब्दांचं इतकं नेमकं भाषांतर आज एखाद्या समितीला जमणार नाही. (हशा)

पटवर्धन आणि त्यांचे मुलगे काचेवर हातानं चित्रं रंगवत. ती दिव्यासमोर धरून पडद्यावर मोठी करत. काचा भराभर बदलून, सरकवून पात्रं हलल्याचा भास निर्माण करत. रामायणातले, महाभारतातले प्रसंग. आणि चित्र पडद्यावर असताना बाजूला निवेदन, संवाद, गाणं. काळोख्या मांडवात बसलेल्या माणसाला आपण कुठे आहोत याचा विसर पडायचा. 'इमर्शन, इमर्शन' म्हणून आज जे विकलं जातं ते हेच, शब्द तेवढा इंग्रजी. आपल्याकडे त्याला सरळ 'रंगून जाणं' म्हणतात. फरक एवढाच की मांडवात दोनशे माणसं एकदम रंगून जायची आणि शेजारच्याचा हुंदका ऐकू यायचा. हेडसेटमध्ये तुम्ही एकटे रंगता.

रंगून जाण्याला एक किंमतही असते, आणि ती मोजलेला पहिला मोठा मराठी माणूस म्हणजे दादासाहेब फाळके. १९१० च्या सुमारास त्यांनी गिरगावात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्याकडच्या कृष्णाला, रामाला असं पडद्यावर कोण आणणार हा ध्यास घेतला. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यातून आला हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी, की त्या ध्यासाच्या दिवसांत ते सतत चित्रपट बघत राहिले, झोप नाही, विश्रांती नाही, आणि डोळ्यांवर असा ताण आला की काही काळ त्यांना दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली. नसती आली तर आपल्या चित्रपटाचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

हेडसेटनं असं अंधत्व येतं असं मी म्हणत नाही, उगाच अफवा नको. पण डोळ्यांना शीण येतो, डोकं दुखतं, काहींना मळमळतं. कारण सोपं आहे. डोळे सांगतात आपण पुढे चाललो, आणि कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो तो सांगतो आपण खुर्चीत बसलो आहोत. दोघांचं भांडण पोटात उतरतं. अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या लोकांना हे समजावायची गरज नाही. गाडी लागते, बोट लागते, तसा हेडसेटही लागतो.

पुढचा टप्पा भराभर घेतो, कारण तो यंत्रांचा आहे आणि यंत्रांची वंशावळ इंटरनेटवर सापडते. १९३९ मध्ये अमेरिकेत व्ह्यू-मास्टर आलं. गोल चकती, खट्‌कन दांडी दाबायची. आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी ते डोळ्याला लावलेलं आहे. १९६२ मध्ये मॉर्टन हायलिग यानं 'सेन्सोरामा'चं पेटंट घेतलं. त्यात मोटरसायकलवरून शहरातून फिरल्याचा अनुभव मिळायचा, वाऱ्यासकट आणि वासासकट. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यानं डोक्यावर घालायचा संगणकी पडदा केला. तो इतका जड की छताला टांगावा लागे. १९८० च्या दशकात जेरन लनियर यानं 'व्हर्च्युअल रिॲलिटी' हा शब्द लोकांच्या तोंडी रुळवला. मग बरीच वर्षं सामसूम. २०१२ मध्ये ऑक्युलस, २०१४ मध्ये फेसबुकनं ती कंपनी घेतली, आणि त्याच वर्षी गूगलनं पुठ्ठ्याचा हेडसेट काढून प्रत्येक मोबाईलवाल्याच्या हातात तो दिला.

आता मनाकडे येतो.

या यंत्रानं माणसाला खरंच बरं वाटतं का? याचं पहिलं ठोस उत्तर आलं ते जळालेल्या माणसांच्या वॉर्डातून. अमेरिकेत सिॲटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या दोघांनी १९९६ पासून भाजलेल्या रुग्णांवर काम सुरू केलं. भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग बदलणं काय असतं हे ज्यानं घरात पाहिलंय त्याला मी सांगू नये. औषध देऊनही माणूस ओरडतो. या दोघांनी रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचं एक जग तयार केलं. बर्फाची दरी, पेंग्विन, बर्फाचे गोळे फेकायचे. रुग्ण त्यात असताना नर्स जखम साफ करते. रुग्णांनी सांगितलं की वेदना कमी जाणवली. पुढे २००४ मध्ये मेंदूचे स्कॅन घेऊन निरोगी स्वयंसेवकांवर बघितलं, तर वेदनेशी संबंधित भागांतली हालचाल खरोखर कमी झालेली दिसली. त्यामागचा विचार असा : वेदना जाणवायला लक्ष लागतं. लक्ष दुसरीकडे गुंतलं की वेदनेच्या वाट्याला कमी येतं. आपल्याकडच्या आया इंजेक्शनच्या वेळी पोराला 'तो बघ काऊ' म्हणतात ते काही वेगळं नाही. पण इथे तो काऊ डोळ्यांभोवती चारी बाजूंनी आहे.

याच्या आधीचा एक छोटा अभ्यास मला फार आवडतो. रॉजर उलरिच, १९८४. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. आज हेडसेटमध्ये जंगल आणि समुद्र का दाखवतात, त्याच्या मुळाशी असे अभ्यास आहेत. लक्षात ठेवा, ती खिडकी होती. या खिडकीकडे मी परत येणार आहे.

दुसरं काम भीतीवरचं. १९९५ मध्ये बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी उंचीची भीती वाटणाऱ्यांना आभासी पुलांवर, आभासी काचेच्या लिफ्टमध्ये नेलं. नंतर व्हिएतनाम युद्धातून आलेल्या सैनिकांसाठी आभासी हेलिकॉप्टर आणि जंगल तयार केलं. मग न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला. त्यातून वाचलेल्या एका तरुणीवरचा उपचार जोअॅन डिफेडे आणि तेच हॉफमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. पद्धत बघा. पहिल्यांदा नुसतं विमान इमारतीजवळून जातं, आदळत नाही. ते सहन होऊ लागलं की पुढची पायरी. शेजारी उपचार करणारी बसलेली, सतत विचारते, आता भीती किती? रुग्ण थांब म्हणाली की थांबायचं. म्हणजे काय, चित्रकथीच! चित्र किती वेळ धरायचं ते समोरच्याच्या चेहऱ्यावरून ठरवणारा.

न्यूयॉर्कचं नाव घेतलं की वसई-विरारच्या माणसाला आपली तारीख आठवतेच. ११ जुलै २००६. संध्याकाळची गर्दी, चर्चगेटहून उत्तरेला निघालेल्या गाड्या, पहिल्या वर्गाचे डबे. अकरा मिनिटांत सात स्फोट : माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८० हून अधिक माणसं गेली, शेकडो जखमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या भरून धावत होत्या, आणि वर्तमानपत्रांनी मुंबईच्या जिद्दीचं कौतुक केलं. मला ते कौतुक तेव्हाही टोचलं आणि आजही टोचतं. लोक गाडीत चढले कारण दुसरा रस्ता नव्हता. चढताना हातपाय थरथरत नव्हते असं थोडंच आहे? ज्यांच्या मनात तो आवाज राहिला, जे अजूनही पहिल्या वर्गाच्या डब्याजवळून जात नाहीत, त्यांची भीती 'स्पिरिट' या एका शब्दाखाली झाकली गेली. जी पायरीपायरीची वाट न्यूयॉर्कमध्ये त्या तरुणीला कोणीतरी हात धरून दाखवली, ती इथे प्रत्येकानं एकट्यानं, दारात लटकत काढली.

आणि विचारायला जावं तर कुठे? इथे आणखी एक गाठ आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, त्याआधी आपण ठाणे जिल्ह्यातच. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. त्यामुळे आपल्या बोलण्यात 'ठाणे' या शब्दाला एक वेगळाच अर्थ चिकटला : 'याला आता ठाण्याला न्यायला हवं.' घरात, शाळेत, गाडीत, हसत हसत म्हटलं जाणारं हे वाक्य शंभर वर्षं लोकांना डॉक्टरपासून लांब ठेवत आलं आहे. त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयपीएच ही संस्था सुरू केली आणि मनाचं आरोग्य हा घरात बोलायचा विषय केला, हे त्या शहराचं ऋण. पण शिक्का अजून पुसलेला नाही. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की मनाच्या वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत.

हेडसेटची खरी ताकद मला इथे दिसते. हेडसेट लावणाऱ्याला कोणी 'ठाण्याला' म्हणत नाही. तो यंत्र लावतो, आधुनिक दिसतो. जो माणूस डॉक्टरच्या पायरीशी अडतो तो कदाचित या दारानं आत येईल. ऑक्सफर्डमध्ये डॅनियल फ्रीमन यांच्या गटानं २०२२ मध्ये ३४६ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. हे गंभीर मानसिक आजाराचे रुग्ण, बाहेर पडायला घाबरणारे. त्यांना आभासी बसमध्ये, आभासी दुकानात, आभासी रस्त्यावर नेलं. ज्यांची भीती सगळ्यात जास्त होती त्यांना फायदाही जास्त झाला. याच गटाचा २०१८ चा उंचीच्या भीतीवरचा अभ्यास तर असा, की त्यात खरा उपचारक नव्हताच. आत एक संगणकानं केलेली मार्गदर्शक होती, ती बोलायची, धीर द्यायची. तरी लोकांची भीती चांगलीच उतरली.

आता तुम्ही म्हणाल, मग तुमचा पेटीवाल्याचा मुद्दा पडला. माणसाशिवाय चाललं की! पडला नाही, थोडा वाकला. माणूस काढल्यावर त्या शास्त्रज्ञांना पहिली गोष्ट काय करावी लागली? आत एक दाखवणारी बसवावी लागली. शिवाय तो अभ्यास होता, आधी तपासणी, नंतर तपासणी. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०२१ मध्ये कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या एका हेडसेटला मंजुरी दिली. आठ आठवड्यांचा कार्यक्रम, श्वसन आणि मन शांत करण्याचे धडे. तोही डॉक्टरच्या चिठ्ठीवर. बाजारात 'स्ट्रेस गायब' म्हणून जे मिळतं त्यात यातलं काही नसतं, धबधबा तेवढा असतो. धबधब्यानं त्या वेळेपुरतं बरं वाटतं, हे खरं. छोट्या अभ्यासांत ते दिसतं. ते किती दिवस टिकतं, याचे पुरावे मात्र तोकडे आहेत.

जाता जाता आपल्या सोपाऱ्याची आठवण करतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. दोन हजार वर्षांपूर्वी या बंदरात ध्यान करणारे भिक्षू होते. आज खाडीच्या पलीकडे गोराईला विपश्यनेचा मोठा पॅगोडा उभा आहे. हेडसेट डोळ्यांना आणखी काही दाखवतो, ते लोक डोळे मिटायला सांगतात. रस्ते उलटे. पण तिथेही समोर आचार्य बसलेले असतात, आणि दिवसाकाठी साधकाला विचारायची मुभा असते.

आता त्या खिडकीकडे येतो.

हेडसेटमध्ये शांततेचं चित्र म्हणून काय दाखवतात? पाणी, झाडं, पक्षी. मंडळी, ही तर गिरीजची, नंदाखालची, भुईगावची खिडकी! केळीच्या बागा, पानवेली, जुई-मोगऱ्याचे वाफे, रहाटाची विहीर, आणि बावखल. नव्यानं राहायला आलेल्यांसाठी सांगतो : बावखल म्हणजे वाडीतलं पावसाचं पाणी साठवणारं खोल तळं. पाणी जमिनीत मुरायचं, विहिरी गोड राहायच्या, आणि दुपारी त्याच्या काठावर माणूस नुसता बसायचा. त्या नुसत्या बसण्याला कुणी थेरपी म्हटलं नाही. १९९० मध्ये सिडकोकडे या भागाचं नियोजन गेलं, हिरवा पट्टा बांधकामाला खुला होणार अशी चिन्हं दिसली, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसईची चळवळ उभी राहिली. साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना २०२० मध्ये ओळखू लागला, वसई त्याआधी तीस वर्षं ओळखत होती. त्या लढ्यामुळे पश्चिमेला आज जे हिरवं शिल्लक आहे ते आहे. पण कितीतरी बावखलं बुजली. जुलै २०१८ मध्ये पाणी तुंबून आपण काही दिवस घरात अडकलो, तेव्हा ते पाणी जायची जागा शोधत होतं.

मला हे विचित्र वाटतं, की ज्या गावानं खरी खिडकी वाचवायला मोर्चे काढले, तिथल्याच सातव्या मजल्यावर माणूस डोळ्यांवर खोका बांधून कुठल्या तरी परक्या देशातलं जंगल बघतो. त्याला दोष देत नाही. रात्री दहाला घरी आल्यावर भुईगावला जायला रिक्षा कुठे आहे? पण महानगरपालिकेकडे उद्यान मागायचं की घरी हेडसेट घ्यायचा, हा निर्णय तो एकटा, नकळत घेतो आहे.

बोलणं इथे थांबवतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न (एक शिक्षिका) : शाळेत परीक्षेच्या ताणासाठी मुलांना हे द्यावं का?

उत्तर : बाई, लहान मुलांसाठी या कंपन्यांनी स्वतःच वयाची मर्यादा घातलेली आहे, ती आधी वाचा. मोठ्या मुलांना द्यायचं असेल तर वर्गात सगळ्यांदेखत आणि थोडा वेळ. पण परीक्षेच्या ताणाचं कारण परीक्षेत आहे, आणि घरातल्या अपेक्षांत आहे. त्यावर पालकसभेत बोला. एखादं मूल फारच गप्प झालं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत. तो फळ्यावर लिहून ठेवा.

प्रश्न : माझी आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. दर वर्षी निर्मळच्या यात्रेला जायची. तिला हेडसेट घेतला तर?

उत्तर : जरूर घ्या. माझ्या मते हे यंत्र अशांसाठीच आहे, ज्यांना खिडकीपर्यंतही जाता येत नाही. पण दुकानातला धबधबा दाखवू नका. आता चारी बाजूंचं चित्रण करणारे कॅमेरे भाड्यानं मिळतात. कार्तिक वद्य एकादशीला कोणाला तरी निर्मळला पाठवा, तळ्याकाठी, दुकानांच्या रांगेत, देवळाच्या पायऱ्यांवर दोन-दोन मिनिटं कॅमेरा स्थिर ठेवून चित्रण करा. हातात धरून चालू नका, नाहीतर त्यांना बोट लागल्यासारखं होईल. कधी फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिल्यांदा पाचच मिनिटं. आणि त्या बघत असताना शेजारी बसा, हात हातात घ्या, विचारा, आई, आता काय दिसतंय? त्या सांगतील कोणत्या दुकानात काय घ्यायच्या ते. ते लिहून घ्या, आमच्या कामाचं आहे.